‘बरोबर जेंट्स कोण आहे?’

मैत्रिणींनो, एका बिलापासून सुरुवात करते. रक्कम फक्त हजार रुपये. ते बिल आमच्या संस्थेच्या हिशेबनिसांनी दोन वेळा परत पाठवले. कारण त्यावर मी लिहिले होते, ‘भरवशाच्या ड्रायव्हरचा जादा आकार’. त्यांचे म्हणणे सरळ होते : ‘‘ताई, हा खर्च मी कोणत्या खात्यात घालू?’’

हा प्रश्न त्यांनी मला विचारला असला, तरी तो तुम्हा-आम्हा सगळ्यांना आहे, म्हणून हा लेख.

गेल्या डिसेंबरात महाबळेश्वरला आमचे तीन दिवसांचे प्रशिक्षण होते. मी आणि यवतमाळ जिल्ह्यातली आमची एक कार्यकर्ती, अशा दोघी नागपूरहून रात्रीच्या विमानाने पुण्याला येणार होतो. सकाळी नऊला पहिले सत्र आमचेच. महाबळेश्वरला रेल्वे नाही. पुणे विमानतळापासून अंतर सुमारे एकशे तीस किलोमीटर, वाटेत खंबाटकी आणि पसरणी असे दोन घाट. म्हणून चार दिवस आधी मी एका ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला. गाडी कोणती, दर काय, टोल कोणाचा, हे सगळे ठरले. मग त्याने विचारले, ‘‘मॅडम, बरोबर जेंट्स कोण आहे?’’

‘‘कोणी नाही. आम्ही दोघीच.’’

‘‘मग सकाळी निघा की. लेडीज पॅसेंजर, रात्रीची वेळ, घाटाचा रस्ता. उद्या काही झालं तर आमच्यावर येतं.’’

मी सांगितले की सकाळी निघून नऊला पोचता येत नाही. तेव्हा तो म्हणाला, ‘‘ठीक आहे. मग माझा जुना माणूस देतो, एकदम भरवशाचा. त्याचे हजार रुपये वेगळे.’’

मी हो म्हटले. आज त्याची लाज वाटते, पण त्या वेळी हो म्हटले. फोन ठेवल्यावर मनात आले, हजार रुपये न देणाऱ्या बाईला हा कोणता माणूस देतो? भरवसा ही काय गाडीतल्या एसीसारखी वेगळ्या पैशांची सोय आहे?

त्यानंतर घरचे, शेजारचे, संस्थेतले, सगळ्यांचे सल्ले सुरू झाले. मागच्या सीटवर बस. नंबरप्लेटचा फोटो काढून पाठव. लोकेशन चालू ठेव. ड्रायव्हरला ऐकू जाईल असे ‘पोचतेच आहे’ म्हणून कोणाशी तरी बोलत राहा. मिरचीपूड ठेव. झोपू नको. सल्ले देणाऱ्या सगळ्या माणसांचा माझ्यावर जीव आहे, हे मला कळते. शिवाय गटाच्या बैठकांतून हेच सल्ले मीही कितीतरी मुलींना दिले आहेत. पण एकदा यादी करून पाहा. यातले एक तरी काम गाडीमालकाचे आहे? विमानतळाचे आहे? सरकारचे आहे? संस्थेचे आहे? सगळी कामे बाईची. पहारा तिनेच द्यायचा, जागरण तिनेच करायचे, पैसेही तिनेच भरायचे, आणि एवढे करून काही घडलेच तर ‘अपरात्री निघालीच कशाला’ हेही तिनेच ऐकायचे.

आता त्या रात्रीचे सांगते. विमान उशिरा आले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा बारा वाजत आले होते. गाडी उभी होती. चालक पंचविशीतला मुलगा. नमस्कार करून त्याने सामान ठेवले आणि गाडीत बसताच पहिल्यांदा आतला आरसा वर फिरवला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. कात्रज ओलांडून गाडी हमरस्त्याला लागली. खेड-शिवापूर गेले, शिरवळ गेले. खंबाटकीच्या अलीकडे गाडी दोनदा डाव्या बाजूला सरकली. आमची कार्यकर्ती म्हणाली, ‘‘दादा, तुम्ही झोपला नाहीत का?’’

तो आधीच्या रात्री शिर्डीचे भाडे करून आला होता. सकाळी दोन तास गाडीतच झोपला, दुपारी पुन्हा शहरातले भाडे. आम्ही त्याला घाटाआधीच एका उजेडातल्या हॉटेलाशी गाडी थांबवायला लावली. तो तासभर गाडीत झोपला आणि आम्ही दोघी चहा घेत बाहेर बसलो. म्हणजे ज्या माणसाला घाबरून राहायचे म्हणून सगळ्यांनी बजावले होते, त्याच्या झोपेची राखण आम्ही करत होतो! उठल्यावर तो म्हणाला, ‘‘ताई, खरं सांगू का, लेडीज पॅसेंजर म्हटलं की मलाच भीती वाटते. म्हणून आरसा वर करतो. उगाच काही गैरसमज नको.’’ जादा हजारातले त्याला किती मिळणार, असे विचारले. त्याला त्या हजाराची गोष्टच माहीत नव्हती.

गाडीत संकटकाळी दाबायचे लाल बटण होते. ते दाबल्यावर कुठे वाजते, असे मी विचारले. त्याला ठाऊक नव्हते. नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी-बसगाड्यांना स्थान दाखवणारे यंत्र आणि असे बटण असलेच पाहिजे, हा केंद्राचा नियम १ जानेवारी २०१९ पासून आहे. तेव्हा नियम आहे, बटणही आहे, पण त्याच्या पलीकडे कोण आहे हे ना चालकाला माहीत, ना प्रवासी बाईला. भिंतीवर देवाची तसबीर लावावी तसे ते बटण लावून ठेवले आहे.

काही जणी म्हणतील, बाई, हे विमानाने फिरणाऱ्यांचे प्रश्न झाले. खेड्यातल्या बाईचे काय? हा आक्षेप मी मनापासून मानते, म्हणूनच त्याचे उत्तर देते. २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका कंपनीतल्या मुलीवर, कंपनीनेच ठरवून दिलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीत चालकाने बलात्कार केला. त्या चालकावर आधीचे गुन्हे नोंदलेले होते, आणि ते कोणी तपासलेच नव्हते. २५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे स्वारगेट स्थानकाच्या आवारात, उभ्या असलेल्या एसटीच्या गाडीत, फलटणला निघालेल्या बाईवर बलात्कार झाला. कंपनीची गाडी, खासगी टॅक्सी, सरकारी बस, तिन्ही झाल्या. आता सांगा, बाईने यातले काय निवडले असते म्हणजे ती ‘शहाणी’ ठरली असती? स्वारगेटच्या वेळी तर ‘तिने आरडाओरडा का केला नाही’ हा प्रश्न पुन्हा ऐकावा लागला. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये प्रतिकाराच्या खुणा शोधल्या होत्या. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला, पण प्रश्न विचारणारी जीभ बदललेली नाही.

‘फाशी द्या’ म्हणणाऱ्यांनाही एक आठवण करून द्यायची आहे. २००७ च्या त्या खटल्यात फाशी झालीच होती. अंमलबजावणीतल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती बदलून ३५ वर्षांची जन्मठेप केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवले. गुन्हा झाल्यावर काय करायचे यावर सतरा वर्षे खल झाला. गुन्ह्याआधी ती गाडी कोणी ठरवली, चालक कोणी तपासला, गाडीत दुसरा माणूस बसला तेव्हा ते कोणाला कळायला हवे होते, या साध्या प्रश्नांवर त्याच्या निम्मा तरी खल झाला का?

आणि महाबळेश्वरचे म्हणाल, तर तिथेच दुसरा धडा मिळाला. आमच्या खोल्या झाडणाऱ्या बायकांशी तिसऱ्या दिवशी गप्पा झाल्या. हंगामात रात्री दहा-साडेदहाला काम सुटते. पाहुण्यांना आणायला-सोडायला हॉटेलची गाडी. ह्या बायका मोबाइलच्या उजेडात दोन-अडीच किलोमीटर चालत, नाहीतर मिळेल त्या वडापमध्ये कोंबून. पर्यटनस्थळ म्हणून ज्या गावाची जाहिरात होते, तिथे बाहेरून येणाऱ्या बाईला विचारतात ‘जेंट्स कोण’, आणि तिथेच राबणाऱ्या बाईला तर कोणी काही विचारतही नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, तिच्या संरक्षणाची व्यवस्था हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोय हवी, असे त्यात आहे. त्या सहा बायकांपैकी एकीनेही हे ऐकलेले नव्हते.

आता आपल्या घरात डोकावू या. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपण गावोगाव शिकवतो. ‘कामाची जागा’ म्हणजे काय, याची त्यातली व्याख्या आपल्याला पाठ असते : कामानिमित्त जिथे जावे लागते ती प्रत्येक जागा, आणि मालकाने त्यासाठी दिलेले वाहनसुद्धा. मग माझ्या संस्थेने ठरवलेली ती गाडी ही माझी कामाची जागा नव्हती का? पण आमच्या प्रवासनियमांत काय आहे? संचालक आणि बाहेरच्या तज्ज्ञांना गाडी, समन्वयकांना ‘आवश्यक असल्यास’, आणि क्षेत्र कार्यकर्तीला एसटीचे तिकीट. माझ्याबरोबर आली म्हणून ती त्या गाडीत बसली. एकटी असती तर मध्यरात्री विमानतळावरून स्टँडवर गेली असती आणि उजाडेपर्यंत बाकावर बसली असती. एसटी वाईट आहे असे मी म्हणत नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, त्याने कितीतरी जणी घराबाहेर पडल्या. पण अर्ध्या तिकिटाबरोबर स्टँडवर पूर्ण उजेड हवा, उघडे स्वच्छतागृह हवे आणि पहाटे जागा असलेला पहारेकरी हवा.

चालकाचा प्रश्नही आपलाच आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास आणि विश्रांती ठरवून दिली होती. पण ज्याच्याकडे पाचपेक्षा कमी कामगार, त्या मालकाला तो लागूच नव्हता. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. विलीन होण्याआधी तो मला तरी रस्त्यावर कधी भेटला नव्हता. चालकाला झोपू न देणारा मालक आणि बाईला ‘सकाळी निघा’ सांगणारा मालक एकच आहे. दोघांच्याही जिवाची जबाबदारी त्याला नको आहे; नफा मात्र दोघांकडूनही हवा आहे. म्हणून ‘बायकांसाठी बायकांच्याच गाड्या’ एवढ्यावर मी समाधानी नाही. बायकांनी स्टिअरिंग जरूर हातात घ्यावे, रोजगार म्हणून घ्यावे, हक्क म्हणून घ्यावे. पण बायकांना बायकांच्या हवाली करून बाकीचा रस्ता पुरुषांना मोकळा करून देणे, ही सुरक्षितता नव्हे. तो उंबरठाच फक्त चाकांवर बसवला आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. विमानतळावर आणि मोठ्या स्टँडवर लांब पल्ल्याच्या गाड्यांचे दरपत्रक ठळक लावा आणि गाडीचा क्रमांक, चालकाचे नाव, मालकाचा फोन लिहिलेली पावती प्रत्येक प्रवाशाच्या हातात द्या. रात्रभर उघडी, उजेडाची प्रतीक्षागृहे ठेवा. विमानतळ ते मुख्य स्टँड अशी बस शेवटच्या विमानापर्यंत चालू ठेवा. लाल बटण दाबले तर कोण येईल, किती वेळात येईल, ते गाडीत मराठीत लिहा. चालकाची पोलीस पडताळणी आणि विश्रांतीचे तास ही मालकाची जबाबदारी, तिचा वेगळा आकार घ्यायचा नाही. हॉटेलांनी कामगार बायकांना घरापर्यंत सोडावे. कायदा आहे, तो पाळा.

आणि संस्थांनी, म्हणजे आपणच, प्रवासनियम उघडून पाहावेत. संचालिकेला जी गाडी, तीच मध्यरात्री उतरणाऱ्या कार्यकर्तीला. प्रवासातली तक्रार अंतर्गत समितीने ऐकलीच पाहिजे. आणि अंदाजपत्रकात यासाठी एक ओळ हवी. देणगीदार विचारतील, तेव्हा कायद्यातली व्याख्या त्यांच्यापुढे ठेवावी.

हजार रुपयांचे ते बिल मी तिसऱ्यांदा पाठवले. या वेळी खाते मीच लिहिले : ‘कामाच्या जागेची सुरक्षितता’. सोबत ट्रॅव्हल्सवाल्याला लिहिलेल्या पत्राची प्रत जोडली : भरवसा विकण्याचा हक्क तुम्हाला नाही, आमचे हजार रुपये परत करा. हिशेबनिसांनी बिल मंजूर केले. ट्रॅव्हल्सवाल्याचे उत्तर अजून आलेले नाही. मी दुसरे पत्र टाकले आहे.

पसरणीचा घाट चढताना आमची कार्यकर्ती काच खाली करून बाहेर पाहत होती. खाली वाईचे दिवे दिसत होते. ती म्हणाली, ‘‘ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. इतक्या रात्री मी बाहेर कधी नुसती बघत बसले नव्हते.’’

एवढे साधे मागणे आहे. तुमच्या संस्थेत, कारखान्यात, शाळेत प्रवासाचा नियम काय आहे, तो कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, ते शोधून काढा आणि आम्हाला लिहा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू. आणि कोणी फोनवर विचारले, ‘बरोबर जेंट्स कोण आहे?’, तर त्याला उलट विचारा, ‘तुमच्याकडे जबाबदार कोण आहे?’