टक्केवारीवर किती विसंबावे?

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघर पोहोचले. पुढे औषधांच्या दुकानांतून ते थर्मामीटरप्रमाणे विकले गेले. साथ ओसरली, यंत्रे राहिली. रुग्णाला ठेवून घ्यायचे की घरी पाठवायचे, हा निर्णय आज पुष्कळदा त्याच्या पडद्यावरील दोन अंकांवर होतो. ते अंक कितपत खरे, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

यंत्राची उपयुक्तता वादातीत आहे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्यामागील तत्त्व मांडले. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाशकिरण बोटातून जातात. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन ते निरनिराळ्या प्रमाणात शोषते. त्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढली जाते. म्हणजे यंत्र प्रकाश मोजते, प्राणवायूचा केवळ अंदाज करते. हा अंदाज निरोगी स्वयंसेवकांवरील चाचण्यांवर बेतलेला असतो. हे स्वयंसेवक कोण, हा कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या २०१३ च्या नियमावलीने दहा जणांची चाचणी पुरेशी मानली होती आणि त्यांत गडद वर्णाचे दोघे असले तरी चालत असे! डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी याचा परिणाम दाखवून दिला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना धमनीतील रक्त तपासले, तेव्हा प्रत्यक्ष प्रमाण ८८ च्याही खाली आढळले, ते कृष्णवर्णीय रुग्णांच्या ११.७ टक्के तपासण्यांत. गौरवर्णीयांच्या बाबतीत हेच प्रमाण ३.६ टक्के होते. जानेवारी २०२५ मध्ये तेथील औषध प्रशासनाने दीडशे जणांच्या चाचणीचा मसुदा काढला. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या माणसांच्या या देशाला ही बातमी परकी वाटण्याचे कारण नाही.

दुसरी फसगत रक्तक्षयाची. प्रत्येक बैलगाडी काठोकाठ भरलेली, पण गाड्याच निम्म्या, अशी ती अवस्था असते. टक्केवारी ९८ दिसते आणि शरीर प्राणवायूवाचून तळमळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या, हे येथे विसरता येत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्याचे रक्त कार्बन मोनॉक्साइडने भरले, तर यंत्र त्यालाही प्राणवायूच समजते. गार पडलेला हात, नखांवरील रंग, उतरलेला रक्तदाब, बोटाची हालचाल ही कारणे तर नित्याचीच. निदान मनगटावर नाडी मोजून ती यंत्रातील ठोक्यांशी जुळते का, एवढे पाहणे कोणासही जमण्यासारखे आहे. नवजात अर्भकाच्या कोवळ्या त्वचेवर तर एकाच जागी तासन् तास बांधलेला संवेदक इजाही करतो; त्याची जागा बदलत राहावी लागते.

शासनाने काय केले? जून २०२१ मध्ये वस्तू व सेवा कर काही महिन्यांपुरता बारावरून पाच टक्क्यांवर आणला. जुलैमध्ये व्यापारी नफ्यावर सत्तर टक्क्यांची मर्यादा घातली. दोन्ही उपाय किमतीचे. परंतु ज्या बाजारात ग्राहकाला चांगला माल आणि वाईट माल ओळखताच येत नाही, तेथे निव्वळ स्वस्ताई वाईट मालाच्याच पथ्यावर पडते. आंतरराष्ट्रीय मानकानुसारही सुमारे चार टक्के चूक क्षम्य आहे. ९३ दाखविणारे मान्यताप्राप्त यंत्र ८९ वर असू शकते, हे खोक्यावर मराठीत छापायला कितीसा खर्च येणार?

खर्च येईल तो दुसरीकडे. बाजारातून नमुने उचलून भारतीय रुग्णांवर त्यांची पडताळणी करणे आणि धमनीतील रक्त तपासण्याची सोय उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत नेणे, ही कामे पैसा मागतात. एका सुधारणेला मात्र छदामही लागत नाही. रुग्णाला धाप लागली आहे, ओठ निळसर पडले आहेत, एक वाक्य सलग बोलवत नाही आणि पडद्यावर ९५ आहे. अशा वेळी तो आकडा बाजूला सारून रुग्णाला वरच्या रुग्णालयात धाडण्याचा अधिकार प्राथमिक केंद्रातील परिचारिकेला लेखी आदेशाने द्यावा.