भिंतीचे कान बुजवण्याआधी

शेजारच्या घरातला आवाज आपल्या घरात येऊ नये असं वाटण्यात गैर काहीच नाही. रात्रपाळी करून आलेल्या नर्सला दिवसा झोप हवी असते. दहावीच्या मुलीला अभ्यासाला शांतता हवी असते. घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईचं डोकं दिवसभर दुसऱ्याच्या टीव्हीने उठतं. शांतता ही चैन नाही, आणि बाईच्या वाट्याला ती तशीही कमीच येते.

पण करायचं काय? भिंतीवर फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही. त्याने आपल्याच खोलीतला घुमारा तेवढा कमी होतो. आवाज अडवायला वजन लागतं, मध्ये पोकळी लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीपासून सुटी चौकट, तिच्यात रॉकवूल, वर जिप्सम बोर्डचे दोन थर, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली तीन-चार इंच जागा गेली. पैसे वेगळेच. शिवाय स्लॅबमधून आणि खिडकीतून आवाज येतो तो येतोच. त्यापेक्षा आधी स्विचबोर्डमागची आणि पाइपभोवतीची भोकं बुजवावीत, भिंतीला भरलेलं कपाट लावावं आणि शेजाऱ्यांशी बोलावं. बोलताना एक पाहावं : पहाटेच्या मिक्सरबद्दल, रडणाऱ्या बाळाबद्दल बाईला लगेच ऐकवलं जातं; रात्री बाराला स्पीकर लावणाऱ्या पुरुषाशी मात्र वाईटपणा घ्यायला कोणी तयार नसतं.

मैत्रिणींनो, याच भिंतीतून आणखी एक आवाज येतो. भांडं आपटतं, दार धाडकन लागतं, आणि मग टीव्ही एकदम मोठा होतो. तो कशासाठी मोठा होतो, हे आपल्याला कळत असतं. हा आवाज 'शेजाऱ्यांचा त्रास' या सदरात टाकता येणार नाही. तो बंद करायचा तर आपली भिंत जाड करून चालणार नाही, पलीकडची मारहाण थांबवावी लागेल.

'हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे' असं अजूनही म्हटलं जातं. कायदा तसं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 4 प्रमाणे कोणीही, म्हणजे शेजारीणसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. सद्‌भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. 2008 साली सुरू झालेल्या 'बेल बजाओ' मोहिमेचं सांगणंही साधंच होतं : आवाज ऐकलात तर दारावरची बेल वाजवा. विरजण मागा, पाणी आलं का विचारा. तेवढ्याने उगारलेला हात अनेकदा खाली येतो.

मात्र तिला डावलून काही करू नये. नवरा घरात नसताना तिला एकटीला गाठावं, तिला काय हवंय ते विचारावं, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यावा. ऐकलेल्या प्रसंगांच्या तारखा-वेळा लिहून ठेवाव्यात. पुढे साक्षीला त्या उपयोगी पडतात. जिवावर बेतलं असेल तर वाट न पाहता 112 ला फोन करावा.

'भिंतीलाही कान असतात' असं बजावून बाईला आजवर गप्प बसवलं गेलं. आमचं म्हणणं, असू देत भिंतीला कान. त्या कानांमागे एखादी शेजारीण जागी असली पाहिजे.