दुसरा घोडा कोण देणार?

वरकुट्याच्या पोराला घोड्याचं वेड लागलं तर त्यात नवल काही नाही. धनगरांचं बिऱ्हाड वाहणारं तट्टू इंदापूर-बारामतीच्या रस्त्यांना सवयीचं आहे. आषाढवारीत बेलवडीला आणि इंदापूरला तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, आणि दिवाळीच्या सुमारास नीरा ओलांडली की अकलूजचा घोडेबाजार भरतो. नवा आहे तो पुढचा प्रश्न. हे वेड ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळापर्यंत नेता येईल का, आणि न्यावं का?

हा प्रश्न सुचतो तो हांगझोउमुळे. 26 सप्टेंबर 2023 रोजी सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण भारतात येत होतं ते 41 वर्षांनी. त्याआधी 1982 साली दिल्लीत रघुबीर सिंग जिंकले होते. ते 61 कॅव्हलरीचे, राजस्थानातल्या खेड्यातून आलेले. घोडा, चंदी, मोतद्दार, सगळं लष्कराचं. हांगझोउच्या चौघांची तयारी मात्र युरोपात झाली, घोडेही तिथलेच. या दोन सुवर्णांमधलं अंतर वर्षांत मोजून कळत नाही; घोड्याचा खर्च कोण करत होतं ते पाहावं लागतं.

खेळ तसा दिसायला साधा. 20 बाय 60 मीटरचं वाळूचं मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या. ठरलेल्या पाटीपाशी चाल बदलायची, वळायचं, थांबायचं, आणि पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. थांबताना मागचा एक पाय जरा मागे राहिला तरी गुण जातो. स्वार काहीच करत नाहीये असं वाटणं ही त्यातली कमाल. मांड पक्की, हात शांत, सांगणं बैठकीतून आणि पोटरीतून.

हलगीच्या तालावर नाचणारा घोडा आपल्याकडे कौतुकाचा, बाजारात त्याला भावही चढा. ड्रेसाजमध्ये ‘पियाफ’ म्हणून एक चाल आहे, जागच्या जागी दुडकी. लांबून दोन्ही सारखंच वाटेल. जवळ जाऊन तोंड पाहावं. काटेरी लगामाच्या धाकानं नाचणारा घोडा जबडा उघडतो, शेपूट झटकतो. पंच नेमके याचेच गुण कापतात, म्हणजे जिथे आपल्या शिट्ट्या पडतात तिथेच. अर्थात युरोपातही सगळं सोवळं नाही. ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिननं घोड्याला चाबकानं मारल्याचं चित्रीकरण बाहेर आलं आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधून तिला माघार घ्यावी लागली.

पहिल्या घोड्यासाठी फार लांब जायला नको. भीमथडी तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत 148 सेंटिमीटरपर्यंतचा घोडा ‘पोनी’ गणला जातो. आपलं तट्टू त्या मापात सहज बसतं, खायला काटक आणि पोराच्या उंचीला सोयीचं. दहा-बारा वर्षांच्या मुलाची मांड त्यावर उत्तम बसेल. खरारा करायचा, खूर साफ करायचे, वैरण टाकायची हेही तिथेच अंगवळणी पडेल, आणि माझ्या मते ही अर्धी विद्या झाली.

अडचण येते चौदाव्या-पंधराव्या वर्षी. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावं असा ढोबळ हिशेब आहे. पोर वाढतं, तट्टू वाढत नाही. मग दुसरा घोडा लागतो, आणि आपल्याकडे तो बहुधा रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड असतो. आयुष्यभर पळायलाच शिकलेल्या त्या जनावराला संथ चालायला शिकवण्यात मोठा काळ जातो. तिसरा घोडा थेट युरोपातला. वरच्या पातळीवर त्याचा भाव कोटींत. वर रोगनिर्बंधांमुळे इथला घोडा तिकडे नेणंही अवघड. 2025 साली मेरठच्या लष्करी केंद्राला रोगमुक्त विभाग म्हणून जागतिक मान्यता मिळाली. त्यानं ही वाट थोडी मोकळी व्हावी.

एवढ्या पैशांत किती तालमींना मॅट येतील, असं कोणी विचारलं तर त्याला गप्प करता येणार नाही. पण हा खेळ श्रीमंतांचाच म्हणून सोडून देण्याआधी त्याचा इतिहासही पाहावा. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाचं सुवर्ण नंतर काढून घेतलं गेलं, कारण संघातला एक स्वार खरा लष्करी अधिकारी नव्हता! 1952 साली दार सर्वांना उघडलं आणि लगेच हेलसिंकीत पोलिओनं अधू झालेल्या लिस हार्टेल या डॅनिश बाईंनी पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्य मिळवलं. 2012 साली लंडनमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सू उतरले ते 71 व्या वर्षी. मुलगा-मुलगी एकाच स्पर्धेत आणि वयाची घाई नाही, असे खेळ फार नाहीत.

म्हणून आईबापांनी जमीन विकून पोराला परदेशी घोडा घेऊन द्यावा, याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तालुक्यानं पदकाचा ध्यास घ्यावा असंही म्हणत नाही. पण 20 बाय 40 मीटरचं वाळूचं मैदान, एक शिकलेला प्रशिक्षक, सर्वांमध्ये मिळून चार शांत तट्टं आणि दोन मोठे घोडे, इतकं बारामती-इंदापूरला झेपण्यासारखं आहे. पहिली भरती धनगरवाड्यांतून व्हावी. तिथल्या पोरांची मांड आधीच तयार असते. त्यांतलं एखादं खरोखर चमकलं तर पुढे लष्कराची वाट आहे, पुण्या-मुंबईचे क्लब आहेत. बाकीची चांगले नालबंद, मोतद्दार, पशुवैद्य झाली तरी घोड्यांचं भलंच होईल.

या सगळ्यात दुसऱ्या घोड्याचा खर्च एका घरावर टाकून चालणार नाही. कुस्तीच्या फडाला हजारो रुपयांचं इनाम लावणारे हात इथे आहेत, साखर कारखानेही आहेत. फक्त देणगीदारानं घोडा देऊन फोटो काढून मोकळं होऊ नये. आधी मोतद्दाराच्या तीन वर्षांच्या पगाराची तजवीज करावी, मग घोड्याचा भाव विचारायला जावं.