लेण्यांतलें पाऊण

बायबलांतील दानिएलाच्या ग्रंथाचा बराच भाग अरामी भाषेंत आहे. तिची संख्यावाचकांची रीत चमत्कारिक आहे. तीनपासून दहापर्यंतच्या संख्या पुल्लिंगी नामाबरोबर स्त्रीलिंगी वाटणारें रूप घेतात. आणि बासष्ट म्हणावयाचें तर ‘साठ आणि दोन’ असें म्हणतात. हें वाचून सुज्ञ वाचकांस २०१९ सालचा वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत त्या वर्षीं ‘बासष्ट’बरोबर ‘साठ दोन’ असेंही वाचन आलें, आणि घरोघरीं मतें पडलीं.

निकाल देण्यापूर्वीं नाशिककरांनीं पांडवलेणीं चढून यावें. तेथील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींचा प्राकृत लेख आहे. त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. संख्या शब्दांनीं आणि अंकांनीं अशा दोन्ही प्रकारें कोरली आहे. ‘सहस्र’ नपुंसकलिंगी, म्हणून तेथें ‘त्रीनि’. आमचें ‘तीन’ याच नपुंसक रूपाचें वंशज. लिंगभेद पुढें झडला. मुलगे तीन आणि मुलीही तीनच. तरी ‘तिघे’ आणि ‘तिघी’ यांत तो अद्याप जिवंत आहे.

दोन हजारांसाठीं त्या लेखांत ‘बे’ आहे; पाढ्यांतल्या ‘बे एके बे’ची त्यावरून आठवण व्हावी. या दोन हजारांवर शेंकडा एक व्याज. दरमहा धरल्यास वर्षाचे २४० होतात. त्यांतून वीस भिक्षूंस वस्त्रासाठीं प्रत्येकीं बारा द्यावयाचे. हिशेब चोख जुळतो! उरलेल्या हजारावर व्याज ‘पायून’, म्हणजे आपलें पाऊण. पाव उणा म्हणून पाऊण; शब्दांतच वजाबाकी आहे.

आमचें मत असें कीं, ‘साठ दोन’ला भिण्याचें कारण नाहीं. अंक ज्या क्रमानें लिहितों त्याच क्रमानें तें वाचन चालतें, आणि स्थानाची किंमत मुलास चटकन उमजते. पण त्यासाठीं ‘बासष्ट’ टाकावें असेंही नाहीं. त्या शिलालेखांत शब्द आणि अंक शेजारीं शेजारीं सुखानें नांदत आहेत.

खरी हानि निराळीच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे घरांतून उठत चालले आहेत. त्याचा दोष पाठ्यपुस्तकाच्या माथीं मारतां येणार नाहीं. घरांत ज्या आजोबा-आजींना ते अजून मुखोद्गत आहेत, त्यांनीं संध्याकाळीं परवच्याच्या वेळीं नातवंडांस जवळ बसवून पाऊणकी म्हणून घ्यावी. दगडावर जें इतकीं शतकें टिकलें, तें आपल्या जिभेवरून एका पिढींत पुसलें जाऊं नये.