होडीचे यंत्र आणि व्यापाऱ्याची उचल

छोट्या मच्छीमाराने वल्हे ठेवून होडीच्या मागे यंत्र लावले, ही प्रगतीच होय. तो दूरवर जाऊ शकतो आणि वादळाची चाहूल लागताच वेळेवर परतू शकतो. परंतु हे यंत्र कोणत्या अटींवर त्याच्या हाती येते, याचा विचार केल्याशिवाय या प्रगतीचे मोल ठरविता येणार नाही.

नवे यंत्र न परवडणारा मच्छीमार जुने घेतो. त्यासाठी मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने घालावी लागते. यंत्र बिघडले की दुसरी उचल. अशा रीतीने जुन्या यंत्राचा प्रत्येक बिघाड व्यापाऱ्याच्या पथ्यावर पडतो.

जुन्या यंत्राची पारख रंगावरून होत नसते. दोन्ही सिलिंडरांतील दाब मोजून तो सारखा आहे की नाही ते पाहावे लागते. गियरपेटीतील तेल दुधाळ दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. यंत्र चालू असता थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड पडली पाहिजे. ती क्षीण असेल, तर पाणपंपाचा रबरी पंखा झिजलेला असतो किंवा मार्ग मिठाने तुंबलेला असतो. खरेदीनंतर खाऱ्या पाण्यातून आलेले यंत्र गोड्या पाण्याने धुवावे लागते, आणि झिजलेला जस्ताचा तुकडा बदलावा लागतो. कारण तो स्वतः झिजून यंत्राचे ॲल्युमिनियम वाचवितो.

मच्छीमाराने एवढी काळजी घेतली तर प्रश्न सुटेल, असे काहीजण म्हणतील. परंतु जेथे बंदरावर गोड्या पाण्याचा नळ नाही आणि दाब मोजण्याचे साधन नाही, तेथे हा उपदेश पोकळ ठरतो. सातव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९८५-९०) पारंपरिक होड्यांना यंत्रे बसविण्यासाठी केंद्राने अनुदान देऊ केले. असे अनुदान खरेदीच्या दिवशी संपते. देखभालीचा भार मात्र वर्षानुवर्षे मच्छीमाराच्या माथी राहतो.

या यंत्रांच्या बाजारात जपानी कंपन्यांचे वर्चस्व आहे. सुटा भाग आयातीवर अवलंबून असेल, तर तो येईपर्यंत होडी किनाऱ्यावर पडून राहते. वास्तविक आपल्या देशात कौशल्याची वाण नाही. बेंगळुरूजवळील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी कामगार यंत्रांचे भाग अचूक मापात घडवितात. त्या हातांना मच्छीमाराच्या गरजेशी जोडणारे नियोजन नाही, हाच खरा दोष होय. नफ्यावर चालणारा उद्योग गरिबाच्या जुन्या यंत्रासाठी आपण होऊन पुढे येणार नाही.

केरळने यातून एक वाट दाखविली आहे. तेथे १९८४ साली स्थापन झालेला मत्स्यफेड हा सहकारी महासंघ मच्छीमारांना यंत्रे व सुटे भाग पुरवितो. महाराष्ट्राच्या व गोव्याच्या किनाऱ्यावरही प्रत्येक मोठ्या बंदरात मच्छीमार सहकारी संस्थेची दुरुस्तीशाळा हवी. तेथे जुन्या यंत्राची खरेदीपूर्वी तपासणी व्हावी, सुट्या भागांचा साठा असावा, कोळीवाड्यातील तरुणांना यंत्रकामाचे शिक्षण मिळावे आणि दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज मिळावे. अनुदानाचा काही हिस्सा याच कामी राखून ठेवण्याची मागणी मच्छीमार संघटनांनी एकजुटीने लावून धरली पाहिजे. कारण जोवर बिघाडाची किल्ली व्यापाऱ्याच्या हाती आहे, तोवर यंत्र मच्छीमाराचे आणि मासळी व्यापाऱ्याची, हाच व्यवहार चालू राहील.