वाटमारीतील मृत आणि वाङ्मयाचे मौन

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या ग्रामीण जीवनाचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने दुष्काळ आणि सावकारी या दोन संकटांच्या आधारे केला आहे. १८७५ मधील सुप्याचा उठाव, १८७६-७७ चा दुष्काळ, महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', कृष्णराव भालेकरांची 'बळीबा पाटील' ही कादंबरी या क्रमाने हा विचार पुढे सरकतो. तो चुकीचा नाही. मात्र या क्रमात येणाऱ्या हिंसेला कारण असते आणि बाजूही असते. सुप्याच्या शेतकऱ्याचा राग मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. दस्तऐवज जळाले की जमाव बहुधा पांगत असे. अशी हिंसा कथनात सहज बसते. याच प्रदेशातील दुसऱ्या एका हिंसेला कथनात जागा मिळाली नाही. ती म्हणजे वाटेवर, अनोळखी माणसाच्या हातून, क्षणात येणारे मरण.

या मरणाची सर्वांत ठसठशीत नोंद आजच्या हिंगोलीची आहे. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच मोडत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे निजामाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. याच फौजेत नोकरीस असलेल्या फिलिप मेडोज टेलर यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ठगाच्या कबुलीजबाबावरील कादंबरीच्या प्रास्ताविकात हिंगोलीची हकीकत दिली आहे. हरी सिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत राहत होता. स्वतः टेलरही त्याच्याकडून माल घेत. मुंबईहून कापड आणावयाचे म्हणून त्याने तेथील मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडून परवाना मिळविला. ते कापड वास्तविक हिंगोलीजवळच्या एका गावच्या दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि तो स्वतः माल घेऊन येत होता. हरी सिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना व गुराख्यांना वाटेत मारले, परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघड्यावर विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच ही गोष्ट सांगितली, आणि तीही गंमत म्हणून. याच टोळीने छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत माणसे मारली व पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम ५०० यार्डांवर पुरली. त्यांपैकी काही खड्डे उकरले गेले तेव्हा टेलर तेथे हजर होते.

या हकीकतीत मारेकऱ्याचे नाव आहे, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे, अंतर यार्डांत मोजले आहे. व्यापाऱ्याचे नाव नाही आणि त्याच्या गावाचेही नाही. हा टेलर यांचा विसरभोळेपणा म्हणून सोडून देता येत नाही. कादंबरीचा निवेदक अमीर अली ७१९ खुनांचा हिशेब सांगतो. मेलेली माणसे तेथे आकड्याच्या रूपाने येतात. स्लीमन यांचे ठगांच्या सांकेतिक बोलीवरील पुस्तक १८३६ मध्ये निघाले. त्यातही मारेकऱ्यांची भाषा शब्दशः नोंदली गेली आणि मृतांची भाषा कोणती होती हा प्रश्न उपस्थितच झाला नाही. त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्याने तर विशिष्ट खून सिद्ध करण्याची गरजही काढून टाकली. ठगांच्या टोळीचा घटक असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप व सक्तमजुरी देता येऊ लागली. कोणाला मारले, कधी मारले, हे विचारण्याचे कायद्याला कारण उरले नाही. कादंबरी आणि कायदा यांनी जवळजवळ एकाच वेळी मृताला वगळले, ही बाब वाङ्मयाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

गेल्या काही दशकांत ठगीविषयीच्या विचाराला वेगळे वळण लागले. स्ट्यूअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये, राधिका सिंघा यांनी १९९८ मध्ये आणि किम वॅग्नर यांनी २००७ मध्ये, वेगवेगळ्या दिशांनी, देवीच्या नावाने खून पाडणाऱ्या अखिल भारतीय पंथाच्या कल्पनेची चिकित्सा केली. १८१८ नंतर मोडलेल्या फौजा, रोकड व माल घेऊन फिरणारे व्यापारी, रजेवर घरी निघालेले शिपाई आणि सत्तेची विसविशीत झालेली पकड यांचा विचार त्यामुळे पुढे आला. ही चिकित्सा आवश्यकच होती. परंतु तिची उसनवारी करताना आपल्याकडील उत्तरवसाहतिक लेखन बऱ्याचदा एक सोपी उडी मारते. ठगी ही वसाहतवादी कल्पना होती, एवढे म्हटले की विषय संपतो. हिंगोलीच्या बाजाराबाहेर उकरलेल्या खड्ड्यांत कल्पना पुरलेली नव्हती. पंथ काल्पनिक ठरला म्हणून प्रेत काल्पनिक ठरत नाही. मृताला प्रथम साहेबाने वगळले आणि नंतर साहेबाच्या टीकाकारानेही. दोघांचे लक्ष एकमेकांकडेच राहिले.

तेव्हा प्रश्न मराठी परंपरेकडे वळतो. तिच्यात अकाली मरणाची नोंद ठेवणारे प्रकार थोडे नाहीत. मराठवाड्यातील गावोगावच्या वीरगळांत खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वरती शिवपूजा असते. गाईंसाठी किंवा गावासाठी लढताना आलेले मरण तेथे दगडात राहते. पोवाड्यालाही झुंज लागते. १८१९ मध्ये नोव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईकांच्या हटकरांनी निजामाच्या फौजेशी जी झुंज दिली, ती पोवाड्याच्या आकाराची घटना आहे. रुमालाचा फास मागून पडलेल्या माणसाला झुंज देण्याची सवड मिळत नाही. त्याच्यासाठी दगड उभा राहत नाही आणि डफही वाजत नाही. म्हणजे जे रूप मरणाला स्मरणात ठेवते, तेच कोणते मरण स्मरणात राहील हेही ठरविते.

याला अपवाद वाटावा असा एक प्रांत लोकसमजुतींचा आहे. मुंजा, हडळ, समंध ही भुतांची नावे म्हणजे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची एक सूचीच होय: मुंज होऊन सोडमुंज न झालेला मुलगा, बाळंतपणात गेलेली बाई, वासना अडकून राहिलेला पुरुष. भुताटकीच्या गोष्टींना अभ्यासक्रमात करमणुकीपलीकडे स्थान दिले जात नाही, हे योग्य नव्हे. अकस्मात मरणाचा एवढा बारकाईने विचार करणारा दुसरा कथाप्रकार ग्रामीण मराठीत क्वचितच सापडेल. पण या सूचीत जागा मिळण्यासाठी मेलेल्याचे वय, जात आणि संस्कार गावाला ठाऊक असावे लागतात. परक्या वाटसरूविषयी गावाला यातले काहीच ठाऊक नसते. तो भूत होण्यासही अपात्र ठरतो.

त्याच्या घरी मात्र दुसरेच काही घडत असते. तेथे मरणाची वार्ता पोहोचत नाही; फक्त परतण्याचा दिवस टळतो. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या 'धर्मसिंधू'सारख्या ग्रंथांनी या स्थितीचा विचार केला आहे. साधारणतः बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा. हा पालाशविधी झाल्यावर तो माणूस परत आलाच, तर त्याचे जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत, असेही सांगितले आहे. शास्त्रकाराला परतण्याची आशा पुरती सोडवली नव्हती, असे दिसते. हा विधी अर्थातच मूठभर जातींचा. पण बारा वर्षे कुंकू लावावे की नाही, हा पेच कोणत्याही जातीच्या बाईपुढे उभा राहिला असला पाहिजे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी जमविलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. या ओव्या आजवर मायेच्या, माहेरच्या ओव्या म्हणूनच वाचल्या गेल्या. ज्या काळात वाटेवर निघालेला माणूस खरोखरच नाहीसा होत असे, त्या काळाच्या संदर्भात त्या वाचल्या, तर त्यांतील काळजी ही निव्वळ सांकेतिक भावना राहणार नाही.

येथे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'चा (१९८७) उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. ठगीच्या मोहिमेतून जन्मतःच गुन्हेगार असलेल्या समूहांची कल्पना बळावली. १८७१ च्या कायद्याने तिला रूप दिले आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत कित्येक जमातींनी तिचे ओझे वाहिले. अमीर अलीचा 'मी' साहेबाच्या लेखणीतून बोलला. गायकवाडांचा 'मी' आपल्याच तोंडाने बोलतो. कबुलीजबाबापासून आत्मकथनापर्यंतचे हे अंतर दीडशे वर्षांचे आहे आणि मराठीने ते कापले, हे तिचे श्रेय आहे. ठगीच्या मोहिमेने दोन प्रकारच्या माणसांचा आवाज घेतला होता. त्यांपैकी एकाला तो परत मिळाला.

दुसऱ्याचा शोध ग्रंथालयात बसून लागणार नाही. परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागते. हीच वाट पुढे हिंगोलीच्या मुलुखाकडे वळते. झरीसारख्या गावाचे एकोणिसावे शतक वाङ्मयेतिहासात कोठेही नाही. मात्र अशा गावांच्या शिवारात जुन्या वाटा, बारवा, निनावी दगड आणि 'तिथे तिन्हीसांजेला थांबू नये' असे सांगितली जाणारी ठिकाणे असतात. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाल्यापासून या भागातील महाविद्यालयांत ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिले गेले आहेत. त्यांतील एखाद्या विद्यार्थ्याने कादंबरी बाजूला ठेवून अशा जागांची नावे आणि त्यांविषयी जे सांगितले जाते ते गोळा केले, तर विषय लहान ठरणार नाही. व्यापारी घराण्यांच्या जुन्या खतावण्या आहेत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि घराणे यांच्या क्रमाने लिहिलेल्या वह्या आहेत, आणि दुर्मरणानंतरच्या नारायणबळीसाठी माणसे तेथेच जात आली आहेत. हिंगोलीच्या आसपासच्या गावांची पाने काढून १८३० च्या दशकात कोण आले, कोणासाठी आले, हे एकदा पाहावयास हवे.