मागून जेवणारीचं म्हातारपण

‘वय झालं, आता विसरायचंच,’ असं म्हणून आपण किती आज्यांना गप्प बसवलं असेल! दूध उतू गेलं, नातवाचं नाव आठवेना, की घरात आधी हसू, मग चिडचिड. दवाखान्याची पायरी मात्र कुणी चढत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत प्रमाण अधिक. या तिन्ही रकान्यांत कोण बसते, हे वेगळं सांगायला नको.

याचा ताटाशी काय संबंध? वाढलेली साखर, पोटावरची चरबी, तंबाखू यांमुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो. जखमेच्या सुजेसारखा तो दिसत नाही; पण रक्तवाहिन्यांना इजा करतो आणि त्याची झळ मेंदूलाही लागते, असं संशोधक मानतात. डाळी, पालेभाज्या, फळं, दाणे, मासे खाणाऱ्यांत बुद्धीचा ऱ्हास कमी आढळतो. अर्थात नुसता आहार ही जादूची कांडी नव्हे. फिनलंडमधल्या २०१५ सालच्या प्रयोगात आहाराला व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष यांची जोड दिली, तेव्हा फायदा दिसला.

आपल्याकडचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. सगळ्यांचं झाल्यावर बाईच्या वाट्याला येते शिळी भाकरी, तळाचा रस्सा आणि भूक मारायला गोड चहा. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी विस्मरण होतं. वेळीच कळलं तर ते उपचारांनी सुधारू शकतं. साध्या रक्ततपासणीत कळणारी ही गोष्ट म्हातारपणाच्या नावावर खपवली जाते.

आता सल्ले येतील: ‘गृहिणींनो, घरच्यांच्या मेंदूसाठी हे रांधा.’ म्हणजे आणखी एक काम आपल्याच गळ्यात! आमची मागणी वेगळी आहे. बाई सगळ्यांबरोबर ताटावर बसली पाहिजे, वाटणीत तिचा हिस्सा बरोबरीचा हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात म्हाताऱ्या बाईची साखर, रक्तदाब, ब-१२ तपासलं गेलंच पाहिजे.

आणि आज घरी गेल्यावर आईला, सासूला एवढं तरी विचारू या: तू काय जेवलीस?